मिसाओच्या एकोणतीस प्रतींची व्यवस्था

मी, किताडे तामोत्सु, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार कागा, प्रांत इशिकावा, शाई तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांविषयी काही विचारत नाही. मी दारू घेतलेली नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. माझी थोरली मेहुणी हात्सुएताई रोज सकाळी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे भात ठेवायला येते आणि जाता जाता मला चार शब्द सुनावते, त्याला मी जबरदस्ती म्हणत नाही, हवामान म्हणतो.

आपल्याकडे असे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतः लिहावे लागते, यंत्राने छापलेले चालत नाही. ही अट मला मान्य आहे. अडतीस वर्षे मी एका कंपनीत घरगुती छपाईयंत्रांची शाई किती टिकते ते तपासत होतो, आणि म्हणूनच हे मृत्युपत्र काजळाच्या शाईने लिहीत आहे. आमच्या मठात कोणीतरी चारशे वर्षांपूर्वी काजळाने लिहिलेली तक्रार आहे, की शेजाऱ्याने कुंपण दोन हात सरकवले. ती अजून काळीभोर आहे, आणि वाचणाऱ्याला अजून त्या शेजाऱ्याचा राग येतो. टिकणे म्हणजे ते. जिथे खाडाखोड केली आहे तिथे कायद्याप्रमाणे किती ओळी खोडल्या ते लिहून शिक्का मारला आहे. शिक्क्याचे तांबडे हिंगुळाचे आहे, त्याची काळजी करू नये.

या प्रकारच्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मी तरीही दोन ठेवले आहेत, कारण एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढायची मला सवय नाही.

कलम १. घर.

सदर घर मुळात माझे नव्हे. मी घरजावई. सासऱ्यांना दोन मुली, मुलगा नाही. थोरल्या हात्सुएने घराचे नाव पुढे चालवायचे असे ठरले होते, पण ती दोन गल्ल्या पलीकडच्या न्हाणीघरवाल्याच्या मुलाच्या प्रेमात पडली आणि तिकडे गेली. तिचे गरम पाण्याचे सार्वजनिक न्हाणीघर अजून चालू आहे, आणि ऐंशीव्या वर्षीही गल्ल्यावर तीच बसते. मग धाकट्या मिसाओसाठी असा नवरा शोधला गेला जो आपले आडनाव सोडून किताडे व्हायला तयार होईल. तो मी. पहिल्या जेवणाला सासूबाईंनी, म्हणजे तोयोबाईंनी, मला दिव्याखाली नीट न्याहाळले आणि माझ्यादेखतच मिसाओला म्हणाल्या, “मुलगा बरा आहे. रंगाने जरा फिकाच आहे, नाही का गं? आपल्या घरातला वाटत नाही.”

त्या गोष्टीला सत्तेचाळीस वर्षे झाली. मी ती मनावर घेतलेली नाही. फक्त नोंदवून ठेवली आहे.

हे घर, परसातल्या पर्सिमनच्या फळझाडासह, माझी एकुलती मुलगी मिनोरी, राहणार नागोया, हिला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही, मात्र देव्हाऱ्याच्या खोलीची पूर्वेकडची भिंत विकू नये. त्या भिंतीवर, दाराच्या वरच्या पट्टीवर, घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी ओळीने आहेत: आजेसासरे, सासरे, सासूबाई आणि माझी पत्नी मिसाओ. घर विकून भिंत कशी ठेवायची हे मिनोरीने पाहावे. ती शिकलेली आहे.

कलम २. उपकरणे.

रंग मोजायचे हातातले यंत्र माझ्याबरोबर जाळू नये, त्यात महागडी काच आहे. ते कोणाला द्यायचे ते पुढे कलम ५ मध्ये आहे.

दिव्यांची पेटी मठाला द्यावी. या पेटीत एक महिना ठेवलेला फोटो दिवाणखान्यात आठ वर्षे टांगल्याइतके ऊन खातो. कंपनी ती भंगारात काढत होती, मी घरी आणली. मिसाओने एकदा मला न विचारता तिच्यात मुळे वाळत घातले आणि दोन महिन्यांनी लोणचे घातले. मी जेवताना म्हणालो, की हे मुळे हिशेबाने सोळा वर्षांचे आहेत. ती म्हणाली, “मग जपून चाव.” मठातले भिक्षू केनज्यो यांनाही पर्सिमन वाळवायला अशीच काहीतरी सोय हवी आहे.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने दिलेले भिंतीवरचे घड्याळ ज्याला हवे त्याने न्यावे. त्याच्या तबकडीवर आमच्या विभागाचा एकत्र फोटो छापलेला आहे. आता तिथे नऊ कोट दिसतात, चेहरे नाहीत. घड्याळ वेळ बरोबर दाखवते.

कलम ३. सासूबाई.

माझ्या पश्चात वेगवेगळ्या गोष्टी पसरतील, म्हणून घडले ते येथे सांगून ठेवतो.

तोयोबाई पंचवीस वर्षांपूर्वी शरद ऋतूत वारल्या. तेव्हा आमच्या विभागाने नुकतीच फोटो छापायची नवी शाई मंजूर केली होती. सव्वीस वर्षे रंग हलणार नाही, असे त्या कागदावर लिहिले होते, आणि खाली माझी सही होती. मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालो, की सासूबाईंची तसबीर बाहेर स्टुडिओत कशाला करायची, मी घरी छापतो. छापली. सुंदर आली. हात्सुएताईसुद्धा म्हणाली, “आई आत्ता उठून बोलेल असं वाटतं.” माझ्या सासरच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला आठवडा.

देव्हाऱ्यापुढच्या उदबत्तीने मिसाओला खोकला यायचा, म्हणून त्याच हिवाळ्यात मी त्या खोलीत हवा शुद्ध करायचे एक यंत्र आणून ठेवले. ते बरोबर सासूबाईंच्या खाली बसले. पावसानंतर येतो तसा एक ताजा वास त्यातून यायचा. आम्हाला वाटले, काय स्वच्छ हवा आहे.

चौदा महिन्यांत सासूबाई केशरी झाल्या. आधी कपाळ, मग गाल, मग किमोनो. त्या यंत्रातून निघणारा वायू शाईतला निळा तेवढा खात होता, हे मला नंतर कळले. कंपनीत आम्ही नमुने काचेच्या बंद पेटीत ठेवून त्यांच्यावर ऊन सोडायचो. हवा आत जायचीच नाही. सव्वीस वर्षे टिकण्याची माझी खात्री अशा घरापुरती होती, ज्यात कोणी श्वास घेत नाही.

नव्या वर्षाला सगळे जमले तेव्हा हात्सुएताई भिंतीकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, “जावईबापू, तुम्ही आईचं गाजर केलंत.”

मी सासूबाईंना भिंतीवरून उतरवून प्रयोगशाळेत नेले, टेबलावर ठेवले आणि साहेबांना दाखवले. त्यातूनच पुढे आमच्या विभागात वायूची तपासणी सुरू झाली. कागदोपत्री तिचे नाव मोठे आहे, पण विभागात सगळे तिला सासू-तपासणी म्हणायचे. नवीन शाई आली की विचारायचे, “सासूतून पास झाली का?” मी पुन्हा छापून देतो म्हणालो तर हात्सुएताईने ऐकले नाही. “राहू दे तशीच. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.” आणि केशरी सासूबाई परत पट्टीवर गेल्या.

त्यांच्या सतराव्या वर्षाच्या श्राद्धाला मी कोणाला न सांगता नव्या, पक्क्या शाईत त्यांची ताजी प्रत छापली आणि आदल्या दिवशी बदलून टाकली. मला वाटले होते, ताई हसेल, कदाचित रडेल, आणि एकदाचा विषय मिटेल. ती आत आली, भात ठेवला, हात जोडले, वर पाहिले आणि मागे सरकली.

“आई कुठे गेली?”

“ताई, हीच आई. रंग बरोबर केला आहे.”

“ही आई नव्हे. ही कुठली तरी पोस्टातली बाई आहे.”

“मूळ फोटो तोच आहे. मोजून बघा हवं तर.”

“चौदा वर्षं रोज सकाळी मी जिच्याशी बोलते ती केशरी आहे. नवरा गेला ते मी तिला सांगितलं. बॉयलर फुटला ते तिला सांगितलं. या पोस्टातल्या बाईला काय माहीत आहे माझ्याबद्दल? आणा तिला परत.”

तेव्हा ती खरंच रडली, आणि मला फार वाईट वाटले. नमुना मी कधीच फेकत नाही, त्यामुळे केशरी सासूबाई माझ्याकडे होत्या. पण त्या आता इतक्या उतरल्या होत्या, की आणखी दोन वर्षांत नाकच गेले असते. शेवटी मी माझे सगळे कसब पणाला लावले. फिका पडलेला फोटो मोजला, त्याच्यासारखाच केशरी जुळवला आणि सर्वांत पक्क्या शाईत छापला. आज भिंतीवर आहेत त्या या सासूबाई. घरात ठेवल्या तर त्या दोनशे वर्षे केशरी राहतील. माझ्या कारकिर्दीतले सर्वांत अचूक काम हे आहे, आणि ते कोणाला दाखवता येत नाही.

ही प्रत हात्सुएताईला द्यावी. तिच्या पश्चात मिनोरीला. गेल्यानंतर तेहतिसाव्या वर्षी माणूस पूर्वजांत मिसळतो आणि तसबीर उतरवली तरी चालते, पण सासूबाईंच्या बाबतीत माझा आग्रह नाही. हवा शुद्ध करायचे यंत्र ताईने तेव्हाच उचलून न्हाणीघराच्या कोठीत टाकले, ते बंद पडलेले आहे. तेही तिचेच.

कलम ४. मिसाओ.

या मृत्युपत्राचे खरे कारण हे कलम आहे. बाकीचे मिनोरीने मनाने ठरवले असते तरी चालले असते.

मिसाओ तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गेली. तिच्या आईचे झाले ते तिचे होऊ देणार नाही, एवढे मी त्याच रात्री ठरवले. तिचा चेहरा जसा होता तसा त्या भिंतीवर राहिला पाहिजे. मला दुसरे काही नको आहे.

तसबिरीसाठी फोटो शोधताना मात्र पंचाईत झाली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिचे हजारो फोटो काढले, आणि प्रत्येकात तिच्या हातात रंगांची पट्टी आहे. माणसाच्या कातडीचा रंग बरोबर छापला जातो का हे पाहायला आम्हाला नमुना लागायचा, आणि बायको घरातच होती. समुद्रावर पट्टी, मिनोरीच्या शाळेत पट्टी, मिनोरी जन्मली तेव्हा एका हातात मिनोरी आणि दुसऱ्यात पट्टी. ती कंटाळायची. “झालं का? हात भरून आला,” म्हणायची, पण धरायची. त्यातला एक फोटो निवडला. पर्सिमनच्या झाडाखाली, गालाशी पट्टी, आणि ती काहीतरी बोलणार आहे असे तोंड. हात्सुएताई म्हणाली, पट्टी कापा. मी नाही म्हणालो. पट्टी नसली तर पुढे रंग हलला की नाही ते कशावरून कळणार?

मी एका दिवसात एकाच कागदाच्या गठ्ठ्यावर तिच्या तेहतीस प्रती छापल्या, तेहतिसाव्या श्राद्धापर्यंत दर वर्षाची एक. प्रत्येक प्रत चकचकीत पाकिटात हवाबंद करून, अनुक्रमांक घालून, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली. अंधार, चार अंश, ओल नाही. त्या स्थितीत शाईला काहीही होत नाही. दर ऑक्टोबरात भिंतीवरची प्रत उतरवायची, यंत्राने मोजायची आणि नवीन लावायची. आतापर्यंत चार लावल्या. राहिल्या एकोणतीस.

~~त्या एकोणतीस प्रती मी मिनोरीकडे सोपवतो. तिने दर ऑक्टोबरात अनुक्रमांकाप्रमाणे एक प्रत भिंतीवर लावावी. भाजीच्या कप्प्यात भाजी ठेवू नये. फ्रिज बिघडल्यास प्रती बर्फाच्या पेटीत घालून बारा तासांच्या आत दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवाव्यात. मिनोरी गेल्यास~~

(वरील कलम ४ मधील चार ओळी खोडल्या. शिक्का: किताडे)

फोनवर हे कलम मिनोरीला वाचून दाखवले होते, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, म्हणजे आईला दर वर्षी बदलायचं? पाण्याच्या फिल्टरसारखं?” मी म्हणालो, फिल्टरपेक्षा सोपे आहे, नळ बंद करावा लागत नाही. ती म्हणाली, बरं. एवढ्या समजूतदारपणे ती बरं म्हणते तेव्हा ती ते करणार नसते. ओळी खोडण्याचे कारण मात्र ते नव्हे. कारण असे.

दोन नोव्हेंबरला, मृत्युपत्रात संख्या खरी असावी म्हणून, मी कप्पा उघडून पाकिटे मोजली. एकोणतीस होती. वजन करून बघावे असे मनात आले. खालची पाकिटे हलकी लागली. एक फोडले. आत वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे कागद होते, भाताला गुंडाळतात ते, नीट फोटोच्या मापाला कापलेले. दुसरे फोडले, शेवाळ. एकोणीस पाकिटांत शेवाळ. मी फ्रिजसमोर बसून राहिलो, आणि सकाळी ताई भात घेऊन आली तेव्हा फ्रिज उघडाच होता.

“ताई, मिसाओ कुठे आहे?”

तिने आधी देव्हाऱ्यापुढे भात ठेवला, हात जोडले, आईकडे पाहिले, मग माझ्याकडे वळली.

“खालून काढल्या. वरच्या तुम्ही लावता म्हणून वरच्या ठेवल्या. शेवाळपण अंधारातच ठेवतात, त्यालाही ओल लागू द्यायची नसते. तुमचे नियम मी मोडलेले नाहीत.”

“तुम्हाला कळतं का तुम्ही काय केलंत? तीस वर्षांची सोय होती ती.”

“मला एवढंच कळतं, की मिसाओला लहानपणापासून थंडी सोसायची नाही,” ताई म्हणाली. “सप्टेंबरात मोजे घालायची. रात्री पाय गार पडले की माझ्या पाठीला लावायची. आणि तुम्ही तिला मुळ्याशेजारी चार अंशात ठेवलंत. मी रोज इथे भात ठेवायला येते आणि शेजारच्या खोलीत माझी बहीण फ्रिजमध्ये. मला झोप लागेना. मग एकेक करून तिला उबेत नेऊन ठेवलं.”

“उबेत म्हणजे कुठे?”

“जिथे जिथे ऊब आहे तिथे.”

मी तिला त्याच वेळी घराबाहेर काढणार होतो. घरजावयाला तसे करता येते का, हे मला अजून माहीत नाही.

मग मी रंगमापक यंत्र पिशवीत घातले आणि एकोणीस प्रती परत आणायला निघालो. ताई पुढे, मी मागे. पहिला थांबा तिचेच न्हाणीघर. मिसाओ बायकांच्या बाजूला, वाफेच्या तोंडाशी, उघडी, काच नाही. कागदाला लाटा आल्या होत्या. त्या वाफेत तीन वर्षे काय, मी शत्रूचाही फोटो तीन तास ठेवला नसता. पट्टी कापलेली होती. सगळ्याच प्रतींची तिने पट्टी कापली होती, कात्रीने, गालाच्या कडेने.

“पट्टीच कापून टाकलीत तर मी मोजू कशाशी?”

“तिच्याशी मोजा. आणि चव्वेचाळीस वर्षं हात वर धरून होती, आता तरी खाली ठेवू दे.”

कापलेल्या पट्ट्या तिने फेकल्या नव्हत्या. न्हाणीघरातल्या कपड्यांच्या कप्प्यांवर चिकटवल्या होत्या. म्हाताऱ्या बायकांना आकडे लक्षात राहत नाहीत, हिरवा चौकोन राहतो म्हणे. माझ्या हयातीत त्या पट्ट्यांचा एवढा उपयोग कोणी केला नव्हता.

कोंबडी भाजून विकणाऱ्या इसाकूकडे ती निखाऱ्यांच्या वर होती, धुराने तपकिरी आणि तेलकट. मी यंत्र काढले, तर इसाकू म्हणाला, “जरा थांबा, पुसून देतो,” आणि त्याच फडक्याने पुसली. तो म्हणाला, “बाईसाहेब बुधवारी यायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणायच्या. घरी तुमचं पथ्य असायचं ना, मग इथे उभ्याने कोंबडीच्या चार काड्या खाऊन जायच्या, कातडीवाल्या. हसायच्या किती.” चव्वेचाळीस वर्षांत बुधवारी तिला भूक का नसते, हे मी कधी मोजले नव्हते.

केस कापणाऱ्या मुरोता फुसाए हिच्याकडे ती दक्षिणेच्या खिडकीत होती, दोन उन्हाळे, सरळ ऊन. ओठ फिके झाले होते. दिव्यांच्या पेटीत मी याहून जास्त हाल केले आहेत, पण पगार घेऊन. फुसाए म्हणाली, “तुमचं यंत्र बाजूला ठेवा आणि बसा. केस वाढलेत.” बसलो. तिने कापता कापता सांगितले, की मिसाओ आपले केस मुद्दाम जरा आखूड कापून घ्यायची, कारण पट्टीवर केस आले की मी ओरडायचो. मी ओरडायचो हे मला आठवत नाही. ओरडत असेन.

मठात भिक्षू केनज्यो यांच्या शेकोटीच्या टेबलाखाली, म्हणजे अंगावर रजई घेऊन पाय शेकतात तिथे, ती आतून चिकटवलेली होती. मी विचारले, इथे कोण बघणार हिला? ते म्हणाले, “बघायला नाही ठेवलेली. हात्सुएबाई म्हणाल्या, पाय गार पडतात तिचे.”

मी तिथे बसलो, रजईत पाय घातले, आणि मला रडू आले. भिक्षू मला संत्रे सोलून देत राहिले. पाच संत्री झाली.

संध्याकाळपर्यंत एकोणीस जागा फिरलो. एकही प्रत परत आणली नाही. मागितली, पण ज्यांच्याकडे होती त्यांनी दिली नाही, आणि खरे सांगायचे तर शेवटच्या सात ठिकाणी मी मागितलीच नाही. एक तापलेली, एक तेलकट, एक उन्हाची, एक वाफेची. एकही प्रत दुसरीसारखी राहिलेली नाही. वाढपी बाई, मासेवाली, टपालवाला, प्रत्येकाने मला तिची एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. घरी येऊन मी फ्रिजमधली दहावी प्रत काढून पाहिली. ती अगदी निर्दोष होती. तिला कोणी काही सांगितलेले नव्हते.

म्हणून कलम ४ आता असे वाचावे: भिंतीवर आज जी मिसाओ आहे ती तशीच राहू द्यावी. बदलू नये. तिचा रंग हलेल, तर हलू द्यावा. उरलेल्या दहा प्रती हात्सुएताईच्या, पट्टी कापायची मुभा तिला आहे. कडाक्याचा हिवाळा येण्याआधी काढाव्यात. भाजीच्या कप्प्यात भाजी ठेवावी.

कलम ५. एकोणीस जागा.

ज्यांच्याकडे मिसाओची प्रत आहे ती त्यांच्या मालकीची आहे. कोणीही, विशेषतः माझ्या जुन्या कंपनीतल्या कोणीही, ती सुस्थितीत ठेवण्याविषयी त्यांना सल्ला देऊ नये. इसाकूने पुसत राहावे.

रंगमापक यंत्र फुसाएला द्यावे. ती म्हणते, केसांचा रंग जुळवायला चालेल. महिन्यातून एकदा तिने त्या यंत्राने खिडकीतल्या मिसाओचे ओठ मोजावेत, पण आकडा कुठे लिहू नये. कोणी आले तर तोंडी सांगावा.

कलम ६. माझी तसबीर.

आमच्याकडे शहाणी माणसे आपली तसबीर आधीच तयार ठेवतात. माझीही तयार आहे. भाजीच्या कप्प्यात, शून्य क्रमांकाच्या पाकिटात. फोटो मी स्वतः काढला, पर्सिमनच्या झाडाखाली. पट्टी धरायला कोणी नव्हते म्हणून मीच धरली. दोन मिनिटांत हात भरून आला.

ही प्रत पक्क्या शाईत छापलेली नाही. माझ्याकडे त्या जुन्या शाईची एक सीलबंद पेटी होती, पंचवीस वर्षांपूर्वीची, सव्वीस वर्षांची खात्री दिलेली, माझ्या सहीची. कंपनीतून निघताना मी ती नमुना म्हणून आणली होती आणि फ्रिजच्या दारात, सोयाच्या बाटलीमागे ठेवली होती. जुने छपाईयंत्र काढून त्याच शाईत छापले. पहिल्या तीन खेपांना नळी तुंबली आणि फोटोत माझे डोके उमटले नाही. चौथ्या खेपेला उमटले.

माझ्या पश्चात ही तसबीर मिसाओच्या डाव्या बाजूला लावावी, म्हणजे ती सासूबाई आणि मी यांच्या मध्ये राहील. काच लावू नये. हवा शुद्ध करायचे ते यंत्र कोठीतून आणून माझ्याखाली ठेवावे. ते चालत नाही, हे मला माहीत आहे. नाहीच चालले तर इसाकूचा धूर, ताईची वाफ, जे जमेल ते. ते चालले असते तर मात्र माझ्या हिशेबाने साधारण चौदा महिन्यांत मी केशरी झालो असतो. आधी कपाळ, मग गाल, मग कोट. सासूबाईंच्या रंगाशी मी जुळवून पाहिले आहे. फरक डोळ्याला दिसणार नाही. पहिल्या जेवणाला काढलेली त्यांची हरकत तेवढ्याने मिटेल.

वरील सर्व मी शुद्धीवर असताना, थंडी वाजत असताना, रजईत पाय घालून लिहिले. पुन्हा वाचले. आणखी काही खोडायचे नाही.

रेइवा सातवे वर्ष (सन २०२५), नोव्हेंबर महिना, सोळा तारीख. कागा, इशिकावा.

किताडे तामोत्सु (शिक्का)

साक्षीदार:

केनज्यो, मठ (शिक्का). आमच्याकडची प्रत टेबलाखालीच राहील.

मुरोता फुसाए, केशकर्तनालय (शिक्का). तामोत्सुसानच्या केसांच्या स्थितीची साक्ष देते. बाकी वाचले.

खाली, साक्षीदार नसताना, काजळाच्या शाईत:

वाचलं. जावईबापू, यंत्र दुरुस्तीला दिलं होतं, काल आलं. लावून पाहिलं. चालतं. तोच ताजा वास येतो. कोठीत झाकून ठेवलं आहे, घाई करू नका. — हात्सुए